शिवणपेटी, तीन डिंक आणि दादांचा फोन

तीर्थरूप दादांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडता येतात, आणि जोडल्यावर पुन्हा सोडवताही येतात, हे मुद्दाम कळवतो. मध्ये एक सकाळ तशी परिस्थिती नव्हती.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर घेताय ना, की पुन्हा आठवण झाली की दोन एकदम? तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा असल्यामुळे माझ्या पत्रात खुशाली आणि डोस हातात हात घालूनच येतात, तेवढं सांभाळून घ्या. इकडे मी बरा आहे. उजव्या अंगठ्याला नवी कातडी येते आहे. तुमची बहीण अजून मुलीकडेच आहे, उद्या दुपारी परत येते. ती यायच्या आत हे पत्र संपवायचं आहे, कारण यातला मजकूर तिच्यासमोर बसून लिहिण्यासारखा नाही.

पत्राचं कारण एकच, आभार. तुम्हाला आभार मानलेले आवडत नाहीत हे मला माहीत आहे, पण फोनवर मी ते मानायला लागलो की तुम्ही फोन ठेवता, आणि पत्र काही मध्येच ठेवता येत नाही. (येतं, पण तुम्ही ठेवणार नाही. तुम्ही पंख्याबरोबर आलेलं माहितीपत्रकसुद्धा शेवटपर्यंत वाचता.) आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तेवढ्या काळात तुम्ही माझ्याशी जे बोललात त्याच्या दुप्पट गेल्या आठ दिवसांत बोललात. आणि वहिनी गेल्यापासूनच्या दीड वर्षात तर तुमच्याकडून ‘हं’ आणि ‘बरं’ याच्यापुढे काही ऐकू आलं नव्हतं. ही दर रविवारी तुम्हाला फोन करायची, दोन मिनिटांत ठेवायची आणि आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायची. मी आपला पेपर वाचत असल्यासारखं करायचो. तेव्हा त्या दिवशी मी स्वतः होऊन तुमचा नंबर फिरवला तो किती घाबरून, याची तुम्हाला कल्पना येईल.

फोनवर मी अर्धंच सांगितलं होतं. आज सगळं कबूल करून टाकतो.

ही मुलीकडे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या कामाच्या पांढऱ्या कोटाचं बटण तुटलं. सुई-दोरा हिच्या शिवणपेटीत, आणि शिवणपेटी कपाटावर. तुमच्या वडिलांनी हिला ती पेटी करून दिली तेव्हा ही तेरा वर्षांची होती, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच सांगण्यात आलं होतं. त्यानंतर घर तीनदा बदललं, तिन्ही वेळा सगळं सामान टेंपोतून गेलं आणि पेटी हिच्या मांडीवरून. तुमच्या वडिलांच्या हातचं हिच्याकडे दुसरं काहीही नाही. अशी वस्तू खाली घेताना माणसाने शिडी आणावी. मी चाकांची खुर्ची घेतली. मी एका दिशेला गेलो, खुर्ची दुसऱ्या आणि पेटी सरळ खाली. माझं कंबरडं वाचलं, पण पेटीचा एक कोपरा उकलून दोन फळ्या आ वासून वेगळ्या झाल्या, आतली पातळ आडवी पट्टी मधोमध मोडली आणि झाकणाची पितळी मूठ कॉटखाली गेली. मी जमिनीवर बसून रिळं गोळा करत होतो आणि मनात फक्त दिवस मोजत होतो. ही यायला बारा-तेरा उरले होते.

आता माझ्या अकलेचे तारे. मी म्हटलं, जखम ताजी आहे, लगेच टाका घालू. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून ती छोटी नळी आणली, जी क्षणात चिकटवते असं म्हणतात. खरंच क्षणात चिकटवते. त्या क्षणी पेटीच्या फळीवर माझा अंगठा आणि शेजारचं बोट होतं. यावर उतारा म्हणजे नखांचा रंग काढायचं द्रावण, हे मला पाठ आहे, आणि ते कुठे असतं? माझ्याच दुकानात. म्हणून काखेत पेटी, डाव्या हाताने शटर, असा मी दुकान उघडून आत शिरलो, तर मागोमाग गिऱ्हाइकं. पाऊण तास मी पेटीसकट औषधं दिली. एका आजोबांनी ही कसली पेटी म्हणून विचारलं, मी प्रथमोपचाराची म्हणालो. त्यांनी तशीच एक स्वतःला मागवायला सांगितली आहे आणि रोज विचारायला येतात. शेवटी आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई खोकल्याचं औषध न्यायला आल्या, त्यांनी बाटलीचं झाकण उघडून माझ्या हातावर द्रावण ओतलं. हात सुटला. पेटीचं पॉलिशही तेवढ्या जागी सुटलं. आणि संध्याकाळी पेटी टेबलावर ठेवताना जरासा धक्का लागला तसा कोपरा काचेसारखा टचकन उडाला.

दुसऱ्या दिवशी पांढरा डिंक आणला, सुतार वापरतात तो. हा सभ्य डिंक आहे असं माझं मत होतं. बाटलीवर ‘पातळ थर द्या, घट्ट दाबून ठेवा’ असं छापलेलं होतं. दादा, मी दिवसातून पन्नास वेळा लोकांना सांगतो, लेबल वाचा, लेबल वाचा. मी लेबल वाचलं नाही. मी सांध्यात तो खोकल्याच्या औषधासारखा दोन चमचे ओतला, वर औषधांच्या संदर्भग्रंथाचे दोन जाड खंड ठेवले आणि निवांत झालो. सकाळी फळी घसरून तिरकी वाळली होती आणि पेटीच्या बुडाला कालचा पेपर कायमचा चिकटला होता. ‘पाणीपुरवठा सुरळीत होणार’ एवढी ओळ स्वच्छ वाचता येत होती. (हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुमच्याकडून जो आवाज आला तो आधी मला ठसका वाटला. हसू आहे हे मला जरा उशिरा कळलं.)

आणि मग मी जे केलं ते फक्त औषधवालाच करू जाणे. एका औषधाने उतार नाही, दुसऱ्याने नाही, मग जोडीला तिसरं द्यावं! दोन नळ्यांचा तो जालीम प्रकार आणला, दोन्ही समान घेऊन कालवायचा असतो तो, आणि आधीच्या दोघांच्या डोक्यावर थापला. आयुष्यभर थेंब मोजून देणाऱ्या माणसाने तो मोजला कसा? अंदाजाने. एक नळी जास्त पिळली गेली. दोन दिवस झाले तरी ते वाळेना, चिंगमसारखं ताणायला लागलं, आणि त्यात दोन रिळं, एक सुई आणि माझी बाही अडकली. त्या ओल्या, तिरक्या, बातमी चिकटलेल्या पेटीकडे बघून मला अक्षरशः रडू आलं. हिला काय तोंड दाखवू? वडील परत येऊन दुसरी पेटी करून देणार नव्हते. पण त्यांचं सुतारकाम तुमच्या हातात उतरलंय, तेव्हा तुम्हाला फोन लावला.

मी एका दमात बोलून टाकलं. मला वाटलं आता तो नेहमीचा ‘बरं’ येईल आणि संपलं. मग तुम्ही विचारलंत, “औषधवाले, किती प्रकारचं ओतलंत?” मी म्हटलं तीन. त्यावर तुम्ही रागावला नाहीत, हे मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही एवढंच म्हणालात की आता त्याला हात लावू नका, आणि कशाने जोडायचं हे सगळ्यात शेवटी. आधी कशाला काय जोडायचंय, त्याला पाणी लागणार का, वजन येणार का, आणि पुढेमागे ते उघडावं लागणार का, ते सांगा. शेवटचा प्रश्न मला कधी सुचलाच नसता. तुमच्या वडिलांनी सांधे सरसाने, म्हणजे त्या जुन्या हाडा-कातड्याच्या डिंकाने, घातले होते ते याचसाठी, कारण ऊब आणि ओल दिली की सरस सोडतो आणि सुताराला आपली चूक सुधारता येते. मग रोज एक पायरी. कोमट व्हिनेगर लावून पांढरा डिंक भिजवायचा, चिंगम द्रावणाने पुसायचं, पटाशीने खरवडायचं पण लाकूड नाही, आणि लाकूड उघडं पडेपर्यंत नव्या डिंकाचं नावही काढायचं नाही. चार दिवस मी फक्त खरवडत होतो आणि तुम्ही रोज विचारत होतात, आज कुठवर आलात म्हणून.

मग तुमचं पार्सल आलं. सरसाच्या दाण्यांचा डबा, ब्रश, दोन छोटे क्लॅम्प आणि तुमच्या अक्षरातला कागद. तो कागद मी दुकानाच्या परवान्याशेजारी लावला आहे. दाणे थंड पाण्यात भिजत घालायचे आणि पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करायचे, उकळायचे नाहीत, हे वाचून मला धीर आला, कारण तेवढं एक मला येतं. मी थर्मामीटर लावून साठ अंश धरले. तुम्ही फोनवर “हे बरं जमतंय तुम्हाला” म्हणालात. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! मी त्या आनंदात शिक्षिकाबाईंना जिन्यात गाठून सांगितलं. (त्या वास कुठून येतोय ते बघायला उतरल्या होत्या. काही मेलंय का, असं त्यांनी दोनदा विचारलं.)

त्या दिवशी तुम्ही सांगितलंत की वहिनी गेल्यापासून तुम्ही सरसाचं भांडं चुलीवर ठेवलंच नव्हतं. दाणे जुने होते, मला पाठवण्याआधी चांगले आहेत का ते बघायला म्हणून दीड वर्षाने ठेवलंत. वास सुटला आणि तुम्ही सवयीने म्हणालात, खिडकी उघड गं. वहिनींना तो वास सोसायचा नाही, तरी त्या कारखान्यातच खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायच्या आणि तुमच्याशी भांडायच्या, हे तुम्ही सांगत गेलात. मी इकडे क्लॅम्प आवळत ऐकत राहिलो.

पेटी आता माझ्यासमोर आहे. कोपऱ्याला सरस. मोडलेली पट्टी पांढऱ्या डिंकाने, पातळ थर देऊन, दाबून, बाहेर आलेला लगेच पुसून. पितळी मूठ त्या दोन नळ्यांच्या प्रकाराने, या वेळी काटा-तराजूवर मोजून. माझ्या तीन डिंकांपैकी दोन कामाला आले, मी फक्त त्यांना भलत्या जागी पाठवलं होतं. पॉलिशचा डागही तुम्ही सांगितल्याप्रमाणे घासून सारखा केला. दहादा उघडून बंद करून पाहिली, खुट्ट होत नाही. हिला काही म्हणजे काहीही कळणार नाही. दादा, तुम्ही माझं घर वाचवलंत. मनापासून, अगदी पोटातून, आभार.

तुमचा,
औषधवाला

ता. क. पत्र टपालपेटीत टाकायचं राहिलं ते बरं झालं, कारण ‘हिला काहीही कळणार नाही’ हे वाक्य खोडायचं आहे. हिने दारात चप्पल काढायच्या आधीच नाक वर केलं आणि विचारलं, “सरस कोणी तापवला?” मी लगेच शरण गेलो आणि चाकांच्या खुर्चीपासून पाणीपुरवठ्यापर्यंत सगळं सांगितलं. ती पेटी उलटसुलट करून बघत होती. मी बोलणी खायला तयार होऊन उभा. तिने विचारलं, दादा किती वेळ बोलला? मी म्हटलं, पहिल्या दिवशी अकरा मिनिटं, सरसाच्या दिवशी बेचाळीस. काय बोलला? मी खिडकीचं सांगितलं. तिने पेटी कॉटवर ठेवली, ठेवली कसली टाकलीच, आणि खाली बसून “दादा वहिनीबद्दल बोलला?” असं तीनदा विचारलं. मग बराच वेळ रडली. पेटीबद्दल तिने नंतर चकार शब्द काढलेला नाही.

ता. क. दुसरा. आता खरं काम. मला महिन्यातून दोन शनिवार तुमच्याकडे यायचं आहे, शिकायला. ही म्हणते म्हणून नाही, मलाच यायचं आहे. तुम्ही विचाराल, कशाला, आता काय मोडलंय? याचा विचार केला आहे. आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आहे. ती अजून ठणठणीत आहे, पण गेले तीन दिवस मी तिच्यावर बसून मागे-पुढे झुलतो आहे आणि डावा पाय जरा कुरकुरायला लागलाय. तुम्ही शुक्रवारी सरस भिजत घालून ठेवा. शनिवारपर्यंत पाय निघेल अशी आशा आहे, आणि नाहीच निघाला तर दुसऱ्या बाजूने ओढायला तुमची बहीण बाह्या सरसावून बसली आहे.