डोळ्याच्या पाण्याएवढं

६ एप्रिल ८६
परत तेच. बायकोनं, यमुनेनं गावच्या गुरुजींकडून पत्र लिहून घेतलं, त्यात पण तेच म्हणते, मी मिठाची एकच चिमूट घातली होती. बरं, एकच चिमूट. मग पोरीला झटके आले अन् नाशिकच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं, पोरीच्या अंगात मीठ लय झालं, ते काय आभाळातनं पडलं? होळीला मिठागरावरनं घरी गेलो तेव्हा आमच्या तान्ह्या सोनीला जुलाब लागलेले. नर्सबाईनं सगळ्यांदेखत सांगितलं, तांब्याभर उकळलेलं पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ, चाखून बघा, डोळ्याच्या पाण्यापेक्षा खारट नको. दोन दिवस प्रत्येक तांब्या मी चाखला. अळणी. वरनं मीच थोडं घातलं तरी अळणीच. म्हणजे माझ्यामागं हिनंच ओतलं. दुसरं कोण?
कबूल करणार नाय ती.

९ एप्रिल
सकाळपासून पाणी सोडतोय. समुद्राचं पाणी एका वाफ्यात, तिथनं पुढच्या वाफ्यात, दार उघडायचं, दार लावायचं. मुकादमाकडं काचेची नळी हाय. पाण्यात सोडली का ती कळवते खार किती चढला. नळी बोलेल तेव्हाच पुढचं दार उघडायचं. घाई केली तर सगळं मीठ नासतं.
नाशिकचा डॉक्टर असंच काहीतरी सांगत होता. मेंदूत बारीक बारीक घरं, त्यांना दारं, आत मीठ वेगळं, बाहेर मीठ वेगळं. दार उघडलं, मीठ इकडचं तिकडं झालं, का निरोप पुढं जातो. हात हलव. आईकडं बघ. यमुना म्हणाली, मीठ एवढं वाईट असतं का? तो म्हणाला, "वाईट नाही हो बाई. त्याच्यावरच मेंदू चालतो. पण मोजून." बाळाच्या मेंदूत ही दारं अजून बसायची असतात म्हणे. पळा म्हणणारे निरोप आधी तयार होतात, थांबा म्हणणारे मागनं. म्हणून झटका आला का बाळाला आवरत नाय. झटक्याची गोळी थांबा म्हणते. पण ऐकणारं अजून नीट तयार नाय.
बाकीच्यांना कळलं नाय. मला कळलं. मी रोज तेच करतो.

१४ एप्रिल
गुरुजींचं पत्र, या वेळी आईच्या सांगण्यावरनं. सोनीला परत दोन झटके. बसत होती ती आता बसत नाय. हाक मारली तर बघत नाय. आई भगताकडं नेऊन आली. यमुनेला पोरीला पाजू देत नाय, जवळ झोपू देत नाय. म्हणते, जिनं पोर बिघडवली तिच्या हातात परत कशी देऊ? पाऊस लागायच्या आत तिला माहेरी धाडायची, पोर इथंच ठेवायची. तू काय म्हणतो ते कळव.
शेवटी एक ओळ गुरुजींची स्वतःची. तुझी बायको ओट्यावर बसलेली असते.
मी काय म्हणतो. मी म्हणतो

१९ एप्रिल
पेठकडचा सीताराम म्हणून एक माणूस काल कामाला आला. पन्नाशीचा असेल. पहिल्यांदाच मिठागरावर. आज डाळ रांधायची पाळी माझी. सगळे जेवत होते, यानं पहिला घास थुंकला.
"दादा, दर्यात बसवून जेवू घालतो का?"
मी म्हटलं, का, काय झालं? त्यानं ताट बाजूला सारलं. काळू, माझ्या गावचा, इथं त्याचा पाचवा हंगाम, तो हसला. म्हणाला, "महिनाभर थांब मामा. मग तुला पण अळणी लागंल. इथं जीभ मरते."
सगळे हसले. मी पण हसलो.

२० एप्रिल
सकाळी एका तांब्यात बनवलं. मूठभर साखर, एक चिमूट मीठ, मग घरी जसं वरनं घालत होतो तसं. चाखलं, परत घातलं, जिभेला जेमतेम कळेपर्यंत. सीतारामला दिलं. एक घोट, अन् थू थू. "कोणाला मारायचंय का?"
मी उरलेलं सगळं प्यालो. गोड लागलं.
होळीला घरी गेलो तेव्हा मला इथं चार महिने झालेले. यमुना म्हणाली होती, मी चाखू का? मी म्हटलं, तुला काय कळतं, मी मिठातला माणूस.

२१ एप्रिल
नाय लिहवत.

२६ एप्रिल
काळूला सांगितलं. तो म्हणाला, सांगू नको कोणाला. झालं ते झालं, बाई माणूस आठ दिवस रडंल, गप होईल. मी विचारलं, अन् पोर? तो म्हणाला, डॉक्टर काय बोलला? मी म्हटलं, दोन वर्षाची होईस्तोवर मेंदू घडतच असतो, काही भरून येईल, किती ते आता सांगता येत नाय. गोळी चुकवू नका. आईजवळ राहू द्या, बोलत राहा, ऐकू येतंय असं समजून बोला.
आईजवळ.

२ मे
पोस्टात गेलो. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळींची जागा असते. आमच्याकडं पोस्टमन ती अंगणात उभा राहून मोठ्यानं वाचतो, शेजारीपाजारी ऐकतात. म्हणून आजवर एकच लिहिलं, मी खुशाल, काळजी नसावी.
एक फॉर्म तसाच भरला. फाडला. दुसरा मागितला तर पोस्टातला माणूस कुरकुरला.
लिहिलं, मीठ मी घातलं, यमुनेनं नाय. माझी जीभ मेलेली होती. सोनीला तिच्याच हातात द्या. यमुना,
पुढं जागा संपली.
दिला आत. आठ-दहा दिवसांनी वाचला जाईल. आई दारात असेल. यमुना ओट्यावर. ती काय करेल, उठून पोरीला घेईल का उठून चालू लागेल, माहीत नाय.
दोन महिन्यांच्या गोळ्या अन् पोरीला घेऊन नाशिकला जायचं-यायचं यमुनेचं एस्टी भाडं. रुपये एकशे चाळीस.