सात नंबर माझ्यावाचून राहत नाही

८ एप्रिल, दुपार
घुग्घुसला घरी पोचलो. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, असं हे बारावं वर्ष. ही वही दोन्हीकडे सोबत असते. इथे कपाटात, कुलपात. कोणी वाचू नये.

परिस्थिती गंभीर आहे. आमचं समुद्रातलं तेलक्षेत्र म्हातारं झालंय. ते आणखी आठ वर्षं चालवायचं की डिसेंबरात प्लॅटफॉर्मला टाळं लावायचं, हे कंपनीची कमिटी याच महिन्यात ठरवणार. टाळं लागलं तर सेहेचाळिसाव्या वर्षी मी घरी. कमिटीची सगळी भिस्त सात नंबरच्या विहिरीवर, आणि सात नंबरची माझ्यावर. पुरावा आहे. मी प्लॅटफॉर्मवर उतरतो त्या दिवशी ती चारशे पिंपं देते. परत निघायच्या दिवशी अडीचशे, त्यातही पाणी मिसळलेलं. सादिक चालला हे तिला कळतं. मुकी वस्तू माणूस बरोबर ओळखते.

आता चौदा दिवस ती दिनेशच्या हाती. दिनेश गडचांदूरचा. काम एकच, पलंगही एकच, पण तो असतो तेव्हा मी नसतो. भेट फक्त हेलिपॅडवर, दोन मिनिटं. परत निघताना तो दरवेळी कामाची चिठ्ठी माझ्या हातात देतो. दोन वर्षांपूर्वी एक वाचली होती. लिहिलं होतं, सात नंबरचा चोक जास्त उघडू नका. चोक म्हणजे विहिरीचा नळच. तो कमी उघडला की माझं उत्पादन कमी दिसणार. डाव ओळखला. तेव्हापासून चिठ्ठी न वाचता खिशात.

संकल्प: या सुटीत तेलक्षेत्र वाचवणे. रोज पहाटे चालायला जाणे.

९ एप्रिल, सकाळी ११
चालायला गेलो नाही. कोळशाचे ट्रक फार होते.

घरच्या बोअरची मोटर लावली. वीस मिनिटं पाणी, मग गढूळ, मग नुसता फुसफुस आवाज. बटण चालूच ठेवलं. जोर लावल्याशिवाय जमिनीतून काही निघत नाही, हा माझा बारा वर्षांचा अनुभव. बायको, साबिरा, आतून म्हणाली, बंद करा जी, तिले जरा दम घेऊ द्या, अर्ध्या घंट्यानं येते पाणी. तिला म्हटलं, तू तुझं स्वयंपाकघर बघ. मला शेजारच्या वारलूभाऊंचा संशय आहे. त्यांचा बोअर आपल्यापेक्षा खोल आहे.

११ एप्रिल
दिनेशची बायको स्वाती आली होती. तिचं माहेर घुग्घुसचं. येताना चारोळी घेऊन आली. चारोळी फुकट कोण देतं?

साबिरा आणि ती दोन तास बोलत होत्या. आमच्यापैकी एकाची बायको नेहमी एकटी असते, त्यातून यांची मैत्री झाली म्हणे. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत होतो. स्वाती म्हणाली, हे सांगत होते का सात नंबर आराम करून राह्यली. आराम! कमिटी डोक्यावर, आणि हा माणूस विहिरीला झोपवतो आहे. मला ऐकू यावं म्हणूनच ती मोठ्याने बोलली असणार. जाताना म्हणाली, भाऊ, त्यांचा फोन उचलत जा ना.

म्हणजे फोन येणार. सावध राहिलं पाहिजे.

१२ एप्रिल
दिनेशचे तीन फोन. उचलले नाहीत. सात नंबरचं माझं गुपित काढून घ्यायचं असेल. माझं गुपित एकच: उतरल्या दिवशी चोक पूर्ण उघडायचा आणि चौदा दिवस मागे वळून पाहायचं नाही.

पहाटे चालणं उद्यापासून.

१४ एप्रिल, दुपार
ठरलं. ऑफिसला ई-मेल करायचा. दोन मुद्दे. एक, तेलक्षेत्र वाचवायचं असेल तर सात नंबर कायम माझ्या पद्धतीने चालवा. दोन, दिनेश तिला मुद्दाम झोपवतो, चौकशी व्हावी. सोबत या वहीतले दोन वर्षांचे आकडे. माझ्याइतका नेमाने आकडे लिहिणारा दुसरा नसेल.

आकडे कॉम्प्युटरवर लेकीने, अदीबाने घातले. नुकतीच दहावीची परीक्षा दिली आहे, ग्राफ छान काढते. ग्राफ पाहून म्हणाली, अब्बू, हे तर करवतीच्या दातावानी दिसून राह्यलं. तुमी जाता तवा अडीचशे, येता तवा चारशे. मंग मधात वाढवते कोन?

विरहाने वाढतं. पण हे मुलीला कसं सांगणार? म्हटलं, तू फक्त सेंड दाब.

१५ एप्रिल
काल संध्याकाळी मोटर चाळीस मिनिटं कोरडी चालवली. जळका वास आला. वायरमन सुनिल म्हणाला, भाऊ, पानी नसताना काऊन चालवता. हा माणूस वारलूभाऊंकडेही जातो. वाईंडिंगचे पैसे घेऊन गेला.

आज मोटर दुरुस्त होऊन आल्यावर मी बाजारात गेलो असताना साबिराने तीनदा अर्ध्या अर्ध्या तासाने चालवली आणि दोन्ही टाक्या भरल्या. वारलूभाऊ गावाला गेले असणार.

१८ एप्रिल
ऑफिसचं उत्तर आलं. आपण पाठवलेली माहिती अत्यंत उपयुक्त आहे, कमिटीसमोर ठेवत आहोत. अत्यंत, असा शब्द आहे. चार वेळा वाचला. पेढे आणले. वारलूभाऊंनाही दिले, शत्रू असले तरी. त्यांना बोअर किती फूट आहे विचारलं. आपल्यापेक्षा तीस फूट कमी निघाला. खोटं बोलत असतील.

दिनेशचे आज पुन्हा दोन फोन. घाबरला वाटतं.

२० एप्रिल, संध्याकाळ
तेलक्षेत्र वाचलं! आठ वर्षं मुदतवाढ. ऑफिसातून फोन आला, तुमच्या आकड्यांवरूनच निर्णय झाला म्हणाले. मी साबिराला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रोजचा घोर गेला म्हणाली. मलाही भरून आलं. तपशील पत्राने येणार आहे. बहुतेक बढती.

२१ एप्रिल, दुपारी १
पत्र आलं. जसं आहे तसं लिहून ठेवतो.

सात नंबर जास्त उघडली की खालचं पाणी वर खेचते आणि दमते. पुढच्या चौदा दिवसांत दिनेश चोक कमी करून, मधूनमधून बंद ठेवून तिला पुन्हा चारशेवर आणतो. श्री. सादिक यांच्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून हे निर्विवाद सिद्ध होते. म्हणून यापुढे दिनेशची पद्धत. श्री. सादिक यांच्या जागी या फेरीला दुसरा माणूस जाईल; त्यांनी सहा मेपासून दिनेशच्याच तुकडीत, त्याच्या हाताखाली तीन महिने शिकावे. आम्ही त्यांना किनाऱ्यावरच्या स्टोअरमध्ये पाठवणार होतो, पण दिनेशने विनंती केली की ते विहिरीला जीव लावतात, त्यांना काढू नका.

ग्राफ पुन्हा पाहिला. करवतच आहे.

२३ एप्रिल
काल दिनेश समुद्रातून परतला. आज स्वातीला घेऊन आला. बारा वर्षांत तो पहिल्यांदाच माझ्या घरी बसला. साबिरा म्हणाली, टाकी रिकामी आहे, मोटर लावा. लावली. वीस मिनिटांनी फुसफुस. माझा हात सवयीने बटणावरच होता. दिनेश उठला, त्याने बटण बंद केलं आणि म्हणाला, बसा भाऊ, अर्धा घंटा. मी बसलो. तो म्हणाला, मी तर सांगूनच राह्यलो होतो, फोनही केले, तुमाले वाटलं असन का मी काही डाव करून राह्यलो. मी म्हटलं, हो, वाटलं. एवढं एक खरं बोललो. तो हसला. मला मात्र फार लाज वाटली.

साबिराने शेवयांच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून दिल्या. कपडे धुताना माझ्या खिशातून काढून जपून ठेवल्या होत्या. सगळ्या वाचल्याही होत्या, म्हणूनच बोअर बरोबर चालवत होती. मी विचारलं, मला काऊन नाही सांगितलं. म्हणाली, रोज तर सांगत होती जी.

सव्वीस चिठ्ठ्या. सगळ्या वाचल्या. पंचवीस चिठ्ठ्यांत विहिरीचं आहे. एकीत एवढंच: सादिकभाऊ, पलंगाची एक पट्टी तुटली होती, मी बसवून घेतली, तुमच्या कमरेला त्रास होत होता ना.

अर्ध्या तासाने मोटर लावली. पाणी आलं. दिनेशने दोन ग्लास प्यायले.