सतराव्या भागातला त्याग

प्रिय निखिल,

मेसेजवर तू अंगठा पाठवून मोकळा होतोस आणि फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. बारावीच्या पेपरनंतर एवढं हाताने पहिल्यांदाच लिहितेय. अक्षर आधीच वाईट, त्यात चिडलेय म्हणून आणखी वाईट आलंय. तरी शेवटपर्यंत वाच. राज्य स्पर्धेच्या मिश्र दुहेरीतल्या माझ्या जागेबद्दल आहे, म्हणजे तुझ्याबद्दलच आहे.

आधी तुझ्या त्या लाडक्या जपानी सिरीजचं बघू. बॅडमिंटनची, सव्वीस भागांची. घणसोलीच्या हॉलवर कोर्ट रिकामं व्हायची वाट बघत आपण ती तुझ्या मोबाइलवर पाहिली, एकेक इअरफोन वाटून घेऊन. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली होती. त्यातल्या मुलीच्या मांड्या भरदार होत्या, तळहाताला घट्टे होते, आणि तिचा स्मॅश बसला की अख्खा हॉल गप्प व्हायचा. आमच्या तळवलीत मी शॉर्ट्स घालून स्कूटरवर बसले की अजून माना वळतात, आणि इथे कुणीतरी असल्या मुलीला नायिका केलं होतं. एक पूर्ण भाग तर नुसता सर्व्हिस करताना पाय कुठे ठेवायचा ह्यावर होता. तो संपल्यावर आपण कोर्टवर जाऊन तासभर फक्त सर्व्हिस केली. ज्याला असलं काही आवडतं तो मुलगा आपल्या कामाचा आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

पण दहाव्या भागापासून ती सिरीज माझ्या डोक्यात जायला लागली. शटल वर गेलं की तीन मिनिटं खाली येत नाही, कारण मध्येच त्या झिपऱ्या नायकाला आपलं बालपण आठवतं. दोघांना एकमेकांबद्दल काय वाटतं हे कोचला माहीत, समोरच्या जोडीला माहीत, हॉलच्या वॉचमनलाही माहीत. फक्त ते दोघं तोंड उघडणार नाहीत. उघडलंच, तर नेमकी मॅच सुरू होते. आणि ती स्मॅशवाली मुलगी? उत्तरार्धात ती बाकावर बसून रडते आणि त्याच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळते. शेवटच्या भागात तो पुलावर उभा राहून म्हणतो, तुला एक सांगायचं होतं, आणि सिरीज खतम! दुसरा सीझन पाच वर्षं झाली, येतोच आहे. मी लेखकाला शिव्या घालत होते, तू डोळे पुसत होतास. सतरावा भाग तर तू चार वेळा पाहिलास. तिला चांगला जोडीदार मिळावा म्हणून तो मनगट मोडल्याचं खोटं सांगून बाजूला होतो, तो भाग. तुला ते फार थोर वाटलं होतं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

जूनमध्ये तू म्हणालास, खांदा गेला. डॉक्टरांनी सहा महिने रॅकेट धरायची नाही म्हणून सांगितलंय. त्यात उलव्याला राहायला गेल्यापासून घणसोली लांब पडतं. तू आपल्या हॉलवरच्या अभयबरोबर खेळ. मी विश्वास ठेवला. तुझ्या खांद्यासाठी गावदेवीला नारळ फोडला, हस आता. अभय चांगला खेळतो, तुझ्यापेक्षा वेगवान आहे, सरळ माणूस आहे. पण मी नेटजवळ गेले की मागचा डावा कोपरा मोकळा सोडायचे, कारण तीन वर्षं तिथे तू असायचास. अभय बिचारा दर वेळी विचारायचा, अगं, तो कोपरा कुणासाठी ठेवलायस? तरी आम्ही निवड चाचणी जिंकलो. सगळ्यात आधी मी तुला फोन केला. तू म्हणालास, बघ, बोललो होतो ना, आणि ठेवून दिलास.

गेल्या रविवारी दिवाळे गावात गोजरामावशीकडे मासळी आणायला गेले. तुमच्या घरची मासळीही स्मिताकाकू तिच्याकडूनच घेतात. खोटं बोलताना एवढं तरी ध्यानात ठेवायचं होतंस. मी सहज म्हटलं की निखिलचा खांदा दुखतोय, तो हल्ली खेळत नाही. मावशी मासा कापता कापता म्हणाली, "कंचा खांदा गो? त्याची आयस आताच सांगून गेली, पोऱ्या रोज सकाली खारघरला खेलतं न घरी येऊन सा अंडी खातं. ठनठनीत हाय तो!" मी कोलंबीचे पैसे दिले आणि कोलंबी तिथेच विसरून आले.

मंगळवारी सकाळी खारघरला येऊन काचेतून बघितलं. डोक्यावरून स्मॅश मारत होतास, एकामागून एक. दहा मिनिटं उभी राहिले. आत आले नाही, कारण हातात रॅकेट होती आणि मला माझी खात्री नव्हती.

तुला कुणी सांगितलं होतं रे? तीन वर्षं आपण निवड चाचणीच्या उपांत्य फेरीत हरलो. ते तुझ्यामुळे, हे तू एकट्यानेच ठरवलंस. माझा बॅकहॅण्ड किती भिकार आहे, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? तुला त्यागमूर्ती व्हायचं होतं, आणि त्यासाठी मला ती बाटल्या सांभाळणारी बाई केलंस. जिच्याबद्दल ठरवायचं, जिला विचारायचं नाही. मला इतका संताप आलाय की तुझं नाव लिहितानासुद्धा पेन रुततंय.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. काल मी संघटनेला लिहून दिलं की मी राज्य स्पर्धेला जाणार नाही. राखीव जोडी जाईल. अभयला समोर बसवून सगळं खरं सांगितलं. पुरुष दुहेरीत तो आहेच, पण मिश्रमधली त्याची संधी मी घालवली, आणि त्याचा काडीचाही दोष नव्हता. तो म्हणाला, "तुम्ही दोघं येडे आहात ते ठीक, पण मला कशाला मध्ये घेतलं?" मी माझ्या वाटची माफी मागितली. ह्यातलं अर्धं पाप तुझं आहे, जाऊन त्याची माफी माग. तू त्याग करून मिळवून दिलेली जागा मी घेतली नाही, निखिल. राज्य स्पर्धा मला हवी होती, काल तिच्यासाठी खूप रडले. पण ती तुझ्याबरोबर हवी होती, आणि तू मला फक्त कोर्टवरच नव्हे, कोर्टबाहेरही हवा होतास. आता मी बोलले. पुढच्या वर्षी माझ्याबरोबर खेळायचं असेल तर तळवलीला घरी ये, माझ्या आप्पांसमोर उभा राहा आणि मला तोंडाने विचार. नाही आलास तर मी एकेरी खेळेन. मला जमेल.

तुझीच, आणि तुझ्यावर प्रचंड चिडलेली,
उन्नती