बारा किलोंचा ताण

३ ऑक्टो., शुक्र., मुरबाड
काल दसरा, रजा. सकाळी विहारात वंदना, दुपारी आईबरोबर शहापूरला मावशीकडे. आज कामावर आले तर लेथवर स्वस्तिक, टेबलावर झेंडूची माळ. आणि बुधवारी उघडं ठेवून गेलेल्या, मासेमारीच्या गळाच्या रिळाच्या कडेला हळदीकुंकवाची दोन बोटं. काशीनाथकाकांचं काम. आमच्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने फिटर, सिद्धगडाच्या पायथ्याचे.
"सगळ्यांच्या मशीनला लावलं, तुजीच कोरी ठेवू काय गो? तू नव्हतीस म्हनून तुज्या वाटचं मी लावलं."
फडक्याने पुसलं, रीळ बंद केलं. ताण बुधवारी मोजला होता, १२ किलो. पुन्हा मोजला नाही. संध्याकाळी कुरियरने पाठवलं.
रीळ जयवंत तांडेलांचं. रत्नागिरीच्या खाली त्यांची बोट. हौशी पाहुण्यांना खोल समुद्रात नेतात, मोठ्या माशांच्या मागे. मार्लिन लागला तर बोटीपर्यंत आणतात आणि सोडून देतात. मासा पळाला की रीळ ठरलेल्या ताणाला सुटत राहिलं पाहिजे. ते काम आतल्या कार्बनच्या चकत्यांचं. त्या मी कापते. समुद्र मी फक्त किनाऱ्यावरून पाहिलाय.

८ नोव्हें.
तांडेलांचा फोन. मार्लिन लागला होता. "तीस वर्षं दर्यावर आहे, असा नव्हता बघितला." चारशे मीटर तंगूस, गळाची नायलॉन दोरी, घेऊन गेला, मग तंगूस तुटला. "ताणाचा लिव्हर माझ्या हातात होता. मीच जास्त पुढे ढकलला असणार. हाताचा अंदाज गेला माझा."
आता मोठे मासे बंद म्हणतात. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवणार. "त्याला हाताचं कसब लागत नाही." रीळ पाठवताहेत, साफ करून द्या, विकायचंय.
व्हिडिओ पाठवला. अकरा सेकंद. मासा पूर्ण पाण्याबाहेर, चोच आभाळात, शेपटीखाली सावली. किती वेळा पाहिला ते लिहीत नाही.

१२ नोव्हें.
रीळ आलं. ताणकाटा लावून ओढलं. १२ ला सुटलं, अडकलं, १९ ला झटक्याने सुटलं. पुन्हा तेच. तंगूस इतका बाहेर गेला की रिळाचा व्यास निम्मा उरतो, म्हणजे ताण दुप्पट. ३८. तंगूस ३६ किलो पेलणारा.
उघडलं. दोन चकत्यांच्या मध्ये, भिंगाखाली, विटकरी अर्धगोल डाग. भाजून कडक झालेला. कुंकू. बाहेरचं पुसलं होतं, आत पाहिलं नव्हतं.
लिव्हर १२ च्या खुणेवरच होता. तांडेलांचा हात बरोबर होता.
मागून काका : "काय निघालं गो?"
"बघते."
पूजेने बिघडलं, हे वाक्य या वर्कशॉपमध्ये माझ्या तोंडून, माझ्या आडनावासकट, कुठवर जाईल ते मला ठाऊक आहे. काकांनी प्रेमाने लावलं होतं हेही. आणि रीळ उघडं ठेवणारी मी. न मोजणारीही मीच.

१५ नोव्हें.
नवी चकती बसवली. तीनदा मोजलं. १२, १२, १२. तांडेलांना फोन केला. जे सांगायचं ते तोंडून निघालं नाही. म्हटलं, विकू नका, मीच घेऊन येते, बोटीवर तपासायचंय.
"बोट लागते काय तुम्हाला?"
"माहीत नाही."
"मग लागते."

२२ नोव्हें., शनि., बोटीवर. अक्षर हलतंय
पाहुणे नाहीत. तांडेल, सुकाणूवर त्यांचा भाऊ, मी. निघताना तांडेलांनी नारळ सोडला आणि प्रत्येक रिळाला कुंकवाचं बोट लावलं. बाहेरून, बंद रिळाला. क्षणभर वाटलं, तेव्हाही यांच्याच बोटाचं कुंकू आत गेलं असं सांगून टाकावं. सील पाहिलं. आत जाणं शक्य नाही.
उलटी दोनदा. किनारा दिसेनासा झाला. यंत्रावर खोली २१० मी. पाण्याचा रंग निळा नाही, त्याला माझ्याकडे शब्द नाही.

त्याच दिवशी, परत येताना
११.४० ला लागला. रिळाचा आवाज लेथसारखा, पण चढत जाणारा, थांबेचना. माझं काम काटा वाचायचं. वाचला नाही. दोनशे मीटरवर पाणी फुटलं आणि तो वर आला. सबंध. अंगावर निळे पट्टे, आतून दिवा लावल्यासारखे. पडल्याचा आवाज नंतर आला.
रीळ एकसारखं सुटत होतं. कुठे अडकलं नाही. तांडेल लिव्हरवर, ओठ घट्ट. पन्नास मिनिटांनी मासा बोटीला लागून. कठड्यावरच्या खुणांनी २.९ मी. डोळा माझ्या मुठीएवढा. त्याने माझ्याकडे पाहिलं असं लिहायचं नाही. पण मी बाजूला झाले.
गळ काढला. थोडा वेळ तसाच राहिला, मग खाली गेला. घाईने नाही.
तेव्हा सांगितलं. रीळ मी उघडं ठेवलं होतं. आत कुंकू गेलं. पुन्हा मोजलं नाही. तुमचा हात नव्हता.
तांडेलांनी समुद्राच्या पाण्याने हात धुतले. "कुणी लावलं?"
"माझ्या टेबलावरचं होतं."
हात पुसले. मग, "दोन आठवडे जेवताना पण मी हा हात बघत होतो. फोनवर सांगता आलं नाही?"
मी काटा पुसून पेटीत ठेवला.
धक्क्यावर उतरताना म्हणाले, रीळ विकत नाही.

२४ नोव्हें., सोम., मुरबाड
काकांनी विचारलं, केवढा होता. खडूने जमिनीवर रेघ काढली, लेथच्या पायापासून २.९ मी. चोच, कल्ला, शेपूट. काकांनी चपला काढल्या आणि रेघेच्या कडेकडेने चालत गेले.
"येवडा?"
"एवढा."
"आन् सोडला?"
"सोडला."
परत चालत आले. "मंग पयला का तुटला गो?"
"चकतीत काहीतरी गेलं होतं."
"काय?"
जेवणाची बेल झाली. काका तिथेच उभे राहिले, मग हात धुवायला गेले. दुपारी पुन्हा विचारलं नाही.
खडूची रेघ झाडू दिली नाही. कुंकू भाजलेली जुनी चकती एवढे दिवस डबीत, खणात होती. निघताना डबी काकांना दिसेल अशी टेबलावर ठेवून आले. उघडी. शेजारी भिंग.