कड्यावरची माकुडी

सर, कड्यावरची शेवटची शिंदळ माकुडीसुद्धा तुम्ही का उपटलीत? इतकी वर्षं झाली, तुम्हीही गेलात, तरी मला याचं उत्तर सापडत नाही. हाव म्हणावी तर तुम्ही साधे होतात. अज्ञान म्हणावं तर निवडुंगासारख्या मांसल खोडाचं हे झुडूप जगात फक्त आपल्याकडच्या मोजक्या कड्यांवर उगवतं, हे मला तुम्हीच शिकवलंत.

तो कडा तुम्हाला मीच दाखवला. घरातली पहिली पदवीधर होणार होते. सर आपल्या गावाला आले याचंच मला अप्रूप. आई शेळ्या सोडून वाट दाखवायला पुढे चालतेय. तुम्ही कुदळीने मुळं मोकळी करू लागता तशी ती म्हणते, "सर, फांद्या न्या की. मूळ ऱ्हाऊ द्या. आमी खातो, पर मुळाला हात लावत न्हाई." तुम्ही हसता. "मावशी, तुमच्या शेळ्यांपासूनच वाचवतोय हिला. कॉलेजच्या बागेत राणीसारखी राहील!" पोती भरून नेलीत. बागेतला माळी रोज पाणी घालत राहिला आणि कुंड्यांमधली सगळी खोडं कुजली. मी रडत सांगायला आले, तर म्हणालात, "डिग्री हातात पडली नाही, तोवर मला शिकवायला लागलीस?" पुढे खाणीसाठी पाहणी झाली. कड्यावर दुर्मीळ काही नाही, अशी सही तुम्ही केलीत. खरंच होतं ते. तुम्ही काही ठेवलंच नव्हतं. आता तो कडाही नाही.

मी सिंगापूरला वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात काम करते. चोआ चू कांग या उपनगरातून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने येते, दिवसभर थंडगार खोलीत कपाटं लावते. गेल्या महिन्यात एका कपाटात तुमचा कागद निघाला, कधीतरी देवाणघेवाणीत इथे आलेला. त्यावर दाबून वाळवलेली माकुडी, आमच्या गावाचं नाव, आणि तुमच्या वळणदार अक्षरात 'कड्यावर विपुल'. मी तो कपाटात परत ठेवला नाही, सर. आमच्या कामात जुनं लेबल कुणी खोडत नाही. नंतरचा माणूस शेजारी आपली चिठ्ठी डकवतो, आणि कागद टिकेल तोवर ती टिकते. तुमच्या फोटोला हार घालणाऱ्या सगळ्यांपेक्षा हा कागद जास्त जगणार आहे.

मी इंग्रजीत लिहिलं: 'या कड्यावरची सर्व झाडं याच संग्राहकाने मुळासकट काढली. ती बागेत मेली. नंतर त्याच्याच सहीने कडा खाणीला गेला.' शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर चिनी बाईंनी वाचून भुवया उंचावल्या आणि इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाल्या, "वा, सो फिअर्स! शुअर ऑर नॉट? ग्लू लावला की कॅनॉट रिमूव्ह, लाह."

"शुअर," मी म्हटलं.

त्या दिवशी कड्यावर आई पुन्हा बोलायला गेली, तेव्हा "आई, तुला काय कळतं? गप्प बस," असं तिला तुम्ही नाही, मी म्हटलं होतं. चिठ्ठीवर तेवढं लिहायला जागा होती. मी ती तशीच चिकटवली.