चंदाचा भोंगा

मसाट, सिल्वासा

प्रिय नवनाथ,

फोन बंद करून बसलास म्हणजे ताईपासून सुटलास, असं वाटलं का तुला? बारा वर्षं शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवतेय, मी सोडते होय! अमळनेरला आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाऊन गाल वर आले असतील, तर बरंच आहे. इथून गेलास तेव्हा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता तुझ्या अंगावर.

इकडे ओंकारचा पुढचा दात पडला, आता नवनाथमामा म्हणताना नुसती हवा जाते. तुझ्या खोलीपुढच्या तुळशीला मी पाणी घालते. तुझे सुपरवायझर सुकदेवभाऊ भेटले होते. मशीनवरची तुझी जागा अजून कुणाला दिलेली नाही म्हणाले.

चंदाला जाऊन चार महिने झाले. सहा वर्षांच्या त्या पोरीला मारणारा अजून सापडलेला नाही, पण लोकांना तो रोज सापडतो. आमच्या स्टाफरूममध्ये चहा संपेपर्यंत तपास पूर्ण होतो. आधी तू होतास, मग पाण्याचा टँकरवाला, मग सुरंगीकडचा कुणी भगत, आणि आता चक्क तिचा बाप. कुणीतरी व्हिडिओ पाठवतो, त्यात एक लाल गोल काढलेला असतो, आणि भली भली माणसं माना डोलावतात. तुझ्या वेळी त्या गोलात कोन होता, नाल्याकाठी तिच्याजवळ पडलेला. सूत गुंडाळायचा रिकामा, पुठ्ठ्याचा कोन! मसाटमध्ये कुणाच्या घरी नव्हता रे तो? उदबत्त्या त्यात, पेनं त्यात, पोरांचे मनोरे त्याचेच. पण कंपनीतून आणून चाळभर वाटायचास तू, म्हणून नाव तुझं झालं. पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं, तू त्या वेळी पाळीवर होतास हे हजेरीवरून कळलं आणि सोडलं. लोकांनी मात्र सोडलं नाही.

ओंकारची कोनांची आगगाडी आठवते? तू रंगवलेली, अठरा डब्यांची. ती भंगारवाल्याने नेली असं मी त्याला सांगितलंय. ते खरं नाही. तुला नेलं त्याच दुपारी मी ती आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली, एकेक डबा करून. शेजारी बघतील, पोलीस येतील, असं स्वतःला सांगत होते. पण नवनाथ, सहाव्या की सातव्या डब्याला माझ्या मनात येऊन गेलं, आपण तरी काय सांगावं. तुला कडेवर वाढवलेली मी! तू सुटून आलास तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं की माझा विश्वास क्षणभरही ढळला नाही. खोटं बोलले. फार लाज वाटते रे मला.

हे मी जन्मात सांगितलं नसतं. पण रविवारी सरिता आली, चंदाची आई. ती पाळी सुटून कोपऱ्यावर दिसली की चंदा कोन तोंडाला लावून कंपनीच्या भोंग्यासारखी आई, आई ओरडायची, ते तुला आठवत असेल. त्यांच्या घरातले कोन पोलिसांनी नेले. तिला एक हवा होता, उशाशी ठेवायला. पाच घरं फिरून आली होती, सगळ्यांनी आपापले फेकून दिलेत. नवनाथभाऊंच्या बहिणीकडे तर असेलच, म्हणाली. माझ्याकडे नव्हता. ती रागावली नाही. भाऊ कधी येणार एवढंच विचारलं, ते देतील म्हणाली. साऱ्या मसाटमध्ये तिने एकटीने तुझ्यावर कधी संशय घेतला नाही, आणि तिलाच मी रिकाम्या हाताने परत पाठवलं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्याकडे जेवूही नकोस, पण ये. पुढच्या रविवारी तू कोन घेऊन येशील असं मी तिला सांगून बसलेय. ती दारातच बसून राहील रे.

तुझीच,
अलकाताई