काळ्या वजिराचं एक घर

ता. ३ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन मात्र करत जाऊ नकोस. मला त्यात नुसती खरखर ऐकू येते आणि मग मी हो हो म्हणत सुटते. मागे तसंच हो म्हटलं, तर गॅसवाला दोन सिलिंडर टाकून गेला. शिंप्याकडून चाळीस शर्ट आलेत काजं-बटणांना. गुडघा कुरकुरतो, पण हात चालतात.

आता खरी बातमी. तुझ्या मामाची ठमी तीन दिवस राहून गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडायची आणि मला पांढऱ्याच्या खेळ्या करायला लावायची. मी चौथी शिकलेली बाई, पण घोडा अडीच घरं कसा जातो ते आता मला झोपेत विचार! कारखान्याच्या बुद्धिबळ संघाच्या निवडीच्या शेवटच्या सामन्यात तुम्ही दोघी बहिणीच समोरासमोर, तू पांढरी, ती काळी. मी कुणाच्याच बाजूची नाही हो. पण पोरीनं काय शोधून काढलंय! पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, की ही वजिरापुढचं प्यादं त्याच्या तोंडाशी नेते. तो मारतो, ही वजिरानं परत मारते. मग पांढरा घोडा वजिरावर धावून येतो. इथं म्हणे बहुतेक जण वजीर पटाच्या कडेला पळवतात. आपली ठमी नाही पळत. सरळ एकच घर मागे घेते, बस्स. दूधवाल्याशी भांडताना मी कशी एक पाऊल मागे सरते पण दार लावत नाही, तसं. मग कडेचं प्यादं एक घर सरकवायचं म्हणजे घोडा पुन्हा अंगावर येत नाही, आणि लहान बाजूला किल्लेकोट करून राजाला कोपऱ्यात नेऊन बसवायचं. तीन महिने हेच घोटतेय बिचारी.

कुणाला सांगू नकोस म्हणाली. मी कुणाला सांगणार? तू काही कुणी परकी नव्हेस.

तिचा अर्धा गुण जास्त आहे, तेव्हा बरोबरी झाली तरी संघात तिचं नाव. नाव लागलं की कारखान्यातली रोजंदारी सुटून कायमची नोकरी. तू जिंकलीस तर तुझं नाव. एका जागेवर दोघींना बसवत नाहीत का गं? आणि सामन्यापर्यंत एकमेकींशी बोलायचं नाही, लिहायचं नाही ही कसली खुळी शपथ! मला करमत नाही त्यानं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

ता. ६ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचणं मी अर्ध्यावर थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. आजी, तू काय करून बसलीस ते तुला कळलंय का? सामना तेराला आहे आणि ठमीचा सगळा डाव माझ्या हातात आहे. राजाचं प्यादं ढकललं तर मी तिच्या तयारीवर तयारी करून बसणार. दुसरं ढकललं तर तिची तीन महिन्यांची मेहनत चुकवून पळणार. कसंही खेळले तरी लबाडीच. मलाही ही जागा हवी आहे. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. पण अशी नको.

सोबत ठमीसाठी बंद पाकीट आहे. ते लगेच तिच्याकडे रवाना कर. मी थेट पाठवलं तर ती शपथ मोडली म्हणून न उघडता परत करील, तिचा हट्ट तू जाणतेस. आत काय आहे ते तुला सांगत नाही, तुझ्या पोटात काही राहत नाही. आणि आता पुरे. यापुढे एकीचं दुसरीकडे काही म्हणजे काही जाता कामा नये.

रागावले आहे. गुडघा शेकत जा.
तुझी थोरली

ता. १४ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

हरले.

ताईनं राजाचंच प्यादं टाकलं, मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वजीर एक घर मागे घेतला तेव्हा तिनं मान हलवली, जणू आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं. मी लहान बाजूला किल्लेकोट केला. ती माझ्या राजाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं मोठ्या बाजूला किल्लेकोट केला आणि प्यादी माझ्या अंगावर सोडली. अठ्ठाविसाव्या खेळीला मी हार मानली.

हात मिळवताना तिनं विचारलं, पाकीट वाचूनही राजा तिकडेच का नेलास. मी म्हटलं, कसलं पाकीट? ती पांढरीफटक पडली आणि तशीच निघून गेली. आजी, कसलं पाकीट?

आज कारखान्याच्या भांडारात परत पोती मोजायला गेले. भांडारबाबू सगळ्यांदेखत म्हणाला, उठा, वजीर आले, वाट द्या.

आणखी काय लिहू?
ठमी

ता. १७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद. घेशील तर.

पाकीट माझ्याकडे होतं. सोबत पाठवते आहे, उघडलेलं नाही. तू मला शिकवलंस ते सगळं मीच कौतुकानं थोरलीला लिहून कळवलं. ती फार रागावली. तिनं पाकीट पाठवलं, तुला दे म्हणाली, आणि त्याच पत्रात एकीचं दुसरीला काही कळवू नकोस असंही बजावलं. मला वाटलं, बाहेर एवढा राग तर आतही रागच असणार. सामन्याच्या तोंडावर तुझ्या डोक्याला ताप नको. म्हणून बटणांच्या डब्यात ठेवलं. रोज डबा उघडायचे, पाकीट बाजूला सारायचे, बटण घ्यायचे. सात दिवस. स्वतःला शहाणी समजत होते गं.

काल थोरली येऊन गेली. माझ्यासमोर बसून रडली. ती पंचांकडे जाऊन आली होती. निकाल बदलत नाही म्हणाले, आणि तिनं नाव मागे घेतलं तर जागा गुणांत तुझ्यापुढे गेलेल्या तिसऱ्याच कुणाला जाईल, तुला नाही.

वय झालं असं मी म्हणणार नाही. तीस वर्षांपूर्वीही मी हेच केलं असतं. तू वाटेल ते लिही, पण लिही.
आजी

ता. २२ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न.

पाकीट वाचलं. ताईनं लिहिलं होतं, तुझा डाव मला कळला म्हणून माझा तुला सांगते. मी मोठ्या बाजूला किल्लेकोट करून प्यादी सोडणार, तू राजा लहान बाजूला नेऊ नकोस. जे लिहिलं तेच ती खेळली. मी पट मांडून पाहिला. राजा तिकडे नेला नसता तर बहुतेक बरोबरी होती. ते ‘बहुतेक’ रोज पोती मोजताना आठवतं.

तुला माफ केलं असं आधी लिहिलं होतं. ते खरं वाटेना, म्हणून खोडलं.

पण माझा राजा मधेच होता तिथून पुढचा डाव मला ताईशी पत्रानं खेळायचा आहे. तिला थेट लिहायला अजून हात उचलत नाही, म्हणून तुझ्यामार्फत. सोबत काळ्याची खेळी आहे. पाकीट मुद्दाम उघडंच ठेवलंय. तू वाच, टेबलावर मांडून बघ, आणि त्याच दिवशी टपालात टाक.

तब्येत कळव.
ठमी